फॉरमॅट मारण्याआधी बायोस बघा

या खेपेच्या पत्रांत प्रिंटर, वायफाय, मोबाइल सगळंच आहे. पण बायोसमधल्या साटा मोडबद्दल इतक्या जणांनी विचारलंय की बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी मदरबोर्डवर जागा होणारा छोटा प्रोग्राम, आणि साटा मोड म्हणजे डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं हे ठरवणारं त्यातलं सेटिंग. इचलकरंजीत आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. या एका सेटिंगपायी विनाकारण फॉरमॅट झालेली मशीनं टेबलावर येतात तेव्हा जीव हळहळतो, कारण तोवर आतला डेटा गेलेला असतो आणि दोष नसलेली हार्ड डिस्कही बदललेली असते.

प्रश्न : आमच्या कृषी सेवा केंद्रात 2012 साली असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर आहे. विंडोज 7 आणि जुनी टॅली. हल्ली दुकानाच्या सुट्टीनंतर चालू केला की काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी येऊन ‘एफ 1 दाबा’ म्हणतो. दाबलं की विंडोजचं चिन्ह दिसतं, निळा पडदा क्षणभर चमकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दुरुस्तीवाल्यानं मध्यंतरी दुकानात नेऊन काहीतरी केलं, तेव्हा चालू झाला. आता परत तेच. तो म्हणतो, हार्ड डिस्क गेली, नवी टाकून फॉरमॅट मारू, डेटाची खात्री नाही. शेतकऱ्यांची सगळी उधारी त्यात आहे. काय करावं?
— बार्शी

उत्तर : आधी फॉरमॅट थांबवा. उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ‘सुट्टीनंतर’ आणि ‘एफ 1’ हे दोन शब्द तुम्ही लिहिलेत म्हणून बरं झालं, नाहीतर मलाही दहा प्रश्न विचारावे लागले असते.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो. सीआर2032, 3 व्होल्टचा. वीज नसताना तारीख-वेळ चालू ठेवणं आणि बायोसची सेटिंग्ज जपणं हे त्याचं काम. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत एसएमपीएसमधून (डब्यातल्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून) मदरबोर्डला थोडी वीज मिळतच असते, कॉम्प्युटर बंद असला तरी. तेव्हा सेलवर भार येत नाही. तुम्ही दुकान बंद करताना मेन स्विच पाडत असणार, आणि ते बरोबरच आहे. पण सेल म्हातारा झालाय. एक रात्र तो कशीबशी काढतो, सुट्टीचा अख्खा दिवस मध्ये आला की मान टाकतो. सकाळी मदरबोर्डला जुनं काही आठवत नाही. तो कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर जातो, ‘सीएमओएस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ असं काहीतरी लिहितो आणि एफ 1 मागतो. तुम्ही एफ 1 दाबता म्हणजे त्या कारखान्याच्या सेटिंगवरच गाडी पुढं नेता.

आता 2012 चं असेंबल मशीन म्हणजे बहुतेक करून एच61 चिपसेटचा बोर्ड. असले बोर्ड आजही गावोगावच्या दुकानांत, पतसंस्थांत चालू आहेत. त्यातल्या कित्येक बोर्डांत साटा मोडचं मूळ सेटिंग आयडीई असतं. तुमचं विंडोज घालताना कुणीतरी जाणत्यानं ते एएचसीआय केलं असणार. सेल गेला, मोड परत आयडीई झाला, आणि विंडोज अडकलं.

या दोन मोडमध्ये डिस्क तीच असते, केबल तीच असते आणि डिस्कवरच्या अक्षरालाही धक्का लागत नाही. कंट्रोलरनं विंडोजशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं एवढंच बदलतं. आयडीई ही 1980 च्या दशकातली पद्धत. एएचसीआय इंटेलनं 2004 मध्ये साटासाठी आणली. तिच्यात डिस्कपुढं एकावेळी 32 हुकूम ठेवता येतात आणि ते कुठल्या क्रमानं उरकायचे हे डिस्क स्वतः ठरवते. दोन्हींचे ड्रायव्हर वेगळे. विंडोज घालताना जो मोड होता, त्याचाच ड्रायव्हर सुरुवातीला उठवायचा अशी नोंद होते. दुसऱ्याची फाइल डिस्कवर असते, पण बंद ठेवलेली. मोड बदलला तरी चिन्ह दिसण्यापर्यंतचा भाग बायोस वाचून देतो, त्यामुळे वाटतं की चालू होतंय. नंतर विंडोज कारभार स्वतःकडे घेतं आणि डिस्क वाचायचा ड्रायव्हर तर त्या डिस्कमध्येच. दार ओढून घेतलं आणि किल्ली घरात राहिली, असा प्रकार.

खात्री करायची असेल तर चालू करताना एफ 8 दाबत राहा आणि यादीतून ‘डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट ऑन सिस्टिम फेल्युअर’ निवडा. निळा पडदा थांबेल. त्यावरच्या लांबलचक कोडच्या शेवटी 7बी असेल, तर बूट करायची डिस्क विंडोजच्या हाताला लागलेली नाही. डिस्क खरोखर बिघडली असतानाही 7बी येतो, हे मान्य. पण बायोसमधली तारीख दहा-बारा वर्षं मागं गेलेली असेल तर डिस्कवर संशय घ्यायच्या आधी सेलकडे बघायचं.

मशीन चालू करताच डिलीट दाबून बायोसमध्ये जा. काहीही बदलायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’, ‘ॲडव्हान्स्ड’ किंवा ‘साटा कॉन्फिगरेशन’ अशा एखाद्या नावाखाली साटा मोड सापडेल. आयडीईचं एएचसीआय करा, तारीख सुधारा, एफ 10 दाबून सेव्ह करा. विंडोज उघडलं की चहासुद्धा नंतर; आधी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर.

मग प्लग काढून सेल बदला. पन्नासच्या आसपास रुपयांत मिळतो. जुना सेल मीटरवर 2.8 व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर तो संपलाच समजा. नवा सेल घालताना सेटिंग पुन्हा उडतं, म्हणून घातल्यावर बायोसमध्ये परत जाऊन तारीख आणि मोड दोन्ही लावायचे. नेमकं इथं लोक चुकतात. सेल नवा घालतात, मोड लावत नाहीत, परत निळा पडदा येतो आणि मग ‘बघा, डिस्कच गेलीय’. तुमच्या दुरुस्तीवाल्यानं बहुधा उलटं केलं: मोड लावला आणि सेल तसाच ठेवला.

आणखी एक. सुट्टीनंतरच्या दिवशी बँकेची किंवा जीएसटीची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नसेल, तर तोही मागं गेलेल्या तारखेचाच प्रताप. विंडोज 7 चा मायक्रोसॉफ्टनं दिलेला आधार मात्र 14 जानेवारी 2020 लाच संपलाय. उधारीचं मशीन इंटरनेटपासून लांब ठेवता आलं तर ठेवा.

प्रश्न : शाळेच्या लॅबमधल्या जी41 बोर्डांना एसएसडी (फिरती तबकडी नसलेल्या डिस्क) बसवायच्या आहेत. विक्रेता म्हणतो, आधी एएचसीआय करा. आम्हाला बायोसमध्ये तो शब्दच सापडत नाही. ‘एन्हान्स्ड’ आणि ‘कंपॅटिबल’ एवढंच आहे.
— भोर

उत्तर : सापडणार नाही, बाई. जी31 आणि जी41 बोर्डांवर बहुतेक ठिकाणी आयसीएच7 ही साधी चिप असते आणि तिच्यात एएचसीआय मुळातच नाही. बायोस अपडेट करूनही येणार नाही, त्यामुळे कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. ‘एन्हान्स्ड’ राहू द्या आणि एसएसडी बसवा. आयडीईमध्येही ती जुन्या हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी चपळ चालते. मुलांना फरक पहिल्याच दिवशी कळेल.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप इंटेल 12 व्या पिढीचा, विंडोज 11. त्यासोबत उबुंटू (लिनक्स) टाकायचं होतं, पण इन्स्टॉलर ‘आरएसटी बंद करा’ म्हणून अडतो. मित्रानं बायोसमध्ये व्हीएमडी बंद केलं तर विंडोज निळ्या पडद्यावर गेलं. घाबरून परत चालू केलं, तर विंडोज पहिल्यासारखं. विंडोज न घालवता हे जमेल का? घरी लॅपटॉप एकच आहे, बाबांची कामंही त्यावरच असतात.
— रत्नागिरी

उत्तर : जमेल. परत चालू केल्यावर विंडोज आलं, यातच तुला कळायला हवं की डिस्कला काही झालेलं नाही. बार्शीच्या पत्राचं उत्तर वाच. तुझा आजार तोच आहे, फक्त नाव नवं.

व्हीएमडी म्हणजे व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. इंटेलनं ते मूळ सर्व्हरसाठी आणलं, पुष्कळ एनव्हीएमई डिस्क (साटाऐवजी थेट वेगवान मार्गानं जोडलेल्या एसएसडी) एकत्र सांभाळायला. 2020 च्या 11 व्या पिढीपासून ते लॅपटॉपमध्ये आलं आणि कित्येक कंपन्या ते चालू ठेवूनच लॅपटॉप विकतात. चालू असलं की एसएसडी त्याच्या आड जाते आणि इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर (तुझा ‘आरएसटी’ तो हाच) असल्याशिवाय दिसत नाही. त्याआधीच्या लॅपटॉपमध्ये याचंच भावंड ‘रेड’ (एकापेक्षा जास्त डिस्क जोडून वापरायची सोय) किंवा डेलमध्ये ‘रेड ऑन’ या नावानं भेटतं. एकच एसएसडी असलेल्या माणसाला त्याचा उपयोग काय, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

पहिलं काम डेटाचं. बाबांच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घे. मग सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरच्या डेटाला लागणारं कुलूप) चालू आहे का बघ. नव्या विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. अशा लॅपटॉपच्या बायोसमध्ये हात घातला की पुढच्या वेळी बिटलॉकर (विंडोजमधली हे कुलूप सांभाळणारी सोय) 48 आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतो. ती तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. कागदावर उतरवून घे, आकडे पुन्हा तपास. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर की सेव्ह करून आलेले लोक मी पाहिलेत, म्हणून ‘कागदावर’ म्हणतोय. त्याहून बरं म्हणजे एन्क्रिप्शन तेवढ्यापुरतं बंदच कर आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत थांब. घाई करू नकोस, वेळ लागतो.

दुसरं, तुझ्या अकाउंटचा पूर्ण पासवर्ड पाठ हवा. पुढं लागणाऱ्या सेफ मोडमध्ये (गरजेपुरत्याच गोष्टी घेऊन उघडणाऱ्या विंडोजमध्ये) पिन चालेलच असं नाही, आणि चार आकडी पिनच्या सवयीनं मुलं पासवर्ड विसरलेली असतात.

आता मूळ काम. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून येणाऱ्या खिडकीत ‘एमएसकॉन्फिग’ इंग्रजीत टाइप कर. ‘बूट’ टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर खूण कर, त्याखाली ‘मिनिमल’ निवड आणि रीस्टार्ट दे. विंडोज उघडू न देता तडक बायोसमध्ये जा. बहुतेक लॅपटॉपना एफ 2, एचपीला एफ 10. तिथं व्हीएमडी बंद कर, सेव्ह कर. लॅपटॉप सेफ मोडमध्ये उघडेल. तिथं विंडोज नेहमीची यादी धरून बसत नाही, स्वतःजवळचे डिस्कचे मूळ ड्रायव्हर उठवून बघतं, आणि एनव्हीएमईचा ड्रायव्हर त्याच्याजवळ असतोच. सेफ मोडचं ओबडधोबड डेस्कटॉप दिसलं की पुन्हा एमएसकॉन्फिग उघडून ती खूण काढ आणि रीस्टार्ट दे. ही खूण काढायची राहते आणि मग ‘स्क्रीन काळी पडलीय, वायफाय गेलंय’ म्हणून फोन येतात.

शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘स्टोरेज कंट्रोलर्स’ उघड. इंटेलचं व्हीएमडीवालं नाव जाऊन ‘स्टँडर्ड एनव्हीएम एक्सप्रेस कंट्रोलर’ दिसलं की झालं. मध्ये कुठं निळा पडदा आलाच, तर व्हीएमडी परत चालू कर, विंडोज सेफ मोडमध्ये उठेल, खूण काढून मोकळा हो.

व्हीएमडीचा पर्याय बायोसमध्ये दिसतच नाही अशीही पत्रं आलीत. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ‘मेन’ पानावर असताना कंट्रोल आणि एस एकदम दाबावं लागतं, तेव्हा तो उगवतो. आणि ज्यांच्या लॅपटॉपमध्ये इंटेल ऑप्टेन (डिस्कला वेग देणारी जोडमेमरी) आहे त्यांनी बायोसला हात लावण्याआधी इंटेलच्याच प्रोग्राममधून ऑप्टेन बंद करायचं. तिथं डेटा दोन ठिकाणी विभागलेला असू शकतो, त्यामुळे वरची पद्धत तशीच्या तशी वापरायची नाही.

कोऱ्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना ‘डिस्क सापडत नाही, ड्रायव्हर लोड करा’ असं येतं, त्यांची भानगडही हीच. तिथं सोडवणूक सोपी, जुनं विंडोज सांभाळायचं नसतं. व्हीएमडी बंद करा आणि इन्स्टॉल करा, किंवा कंपनीच्या साइटवरून तो ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन द्या.

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे. विंडोज एनव्हीएमई एसएसडीवर आणि फोटोंसाठी 2 टीबीच्या दोन साटा डिस्क रेडमध्ये जोडून एकच 4 टीबीची ड्राइव्ह केलेली. बायोस अपडेट केल्यापासून ती ड्राइव्ह गायब आहे. विंडोज दोन वेगळ्या डिस्क दाखवतं आणि ‘इनिशियलाइज करा’ म्हणतं. करू का?
— नागपूर

उत्तर : नाही! ती खिडकी ‘कॅन्सल’ करा आणि मशीन बंद करा. फॉरमॅट, पार्टिशन, डिस्क तपासणीचा कुठलाही प्रोग्राम, काही म्हणजे काही चालवू नका.

अपडेटनं बायोस मूळ सेटिंगवर गेला आणि साटा मोड रेडचा एएचसीआय झाला, एवढंच घडलेलं दिसतंय. तुमच्या दोन्ही डिस्कची मिळून 4 टीबी दिसत होती, म्हणजे तो रेड 0. त्यात प्रत्येक फाइलचे 64 किंवा 128 केबीचे तुकडे करून आळीपाळीनं एक या डिस्कवर, एक त्या डिस्कवर असे ठेवलेले असतात. एएचसीआयमध्ये विंडोजला दोन सुट्या डिस्क दिसतात आणि त्याला त्या कोऱ्या वाटतात, म्हणून ते मदत करायला निघालंय. ती मदत घेतलीत तर विंडोज डिस्कच्या सुरुवातीला स्वतःचं लिहील. ही जोडी कशी बांधली याची नोंद डिस्कवरच असते, बायोसमध्ये नसते. त्यामुळे बायोसमध्ये जाऊन साटा मोड परत रेड करा. रेडचं जे पान असतं तिथं ती ड्राइव्ह तिच्या नावानं ‘नॉर्मल’ दिसायला हवी. दिसली की विंडोज उघडून फोटो तपासा.

‘फेल्ड’ दिसलं तर तिथं ‘डिलीट’, ‘रीसेट’ किंवा नव्यानं ‘क्रिएट’ दाबू नका. दोन्ही डिस्क काढा, कुठली कुठल्या पोर्टात होती ती चिठ्ठी चिकटवा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडं द्या. पहिला प्रश्न त्यांना असा विचारा की आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढून त्या प्रतीवर काम करणार ना? ‘नाही’ म्हणाले तर दुसरा शोधा.

आणि एक बोलतो, राग मानू नका. रेड 0 मध्ये दोनपैकी एक डिस्क गेली तरी सगळं जातं. लोकांच्या लग्नाचे फोटो त्यावर एकटेच ठेवायचे नसतात. तिसरी एक डिस्क घ्या, कपाटात ठेवा.

प्रश्न : मुलानं व्हिडिओ पाहिलाय की आयडीईचं एएचसीआय केलं की कॉम्प्युटर दुप्पट वेगानं चालतो. आमचा जुना डेस्कटॉप आयडीईवर आहे, साधी हार्ड डिस्क. करू द्यावं का?
— म्हापसा

उत्तर : दुप्पट वगैरे काही होत नाही. साध्या हार्ड डिस्कचा वेग तिच्या फिरत्या तबकडीवर आणि डोक्यावर अडकलेला असतो. घरच्या वापरात 32 हुकमांची रांग लागतेच कुठं! फरक थोडा जाणवला तर तो एसएसडी असताना.

करायचंच असेल तर विंडोज 10 आणि 11 ला रत्नागिरीच्या उत्तरातली सेफ मोडची पद्धत चालते. विंडोज 7 ला बायोस बदलण्याआधी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत) सर्व्हिसेसमधल्या ‘एमएसएएचसीआय’ची ‘स्टार्ट’ किंमत 0 करावी लागते. तिथं बहुधा 3 असेल. एक्सपी असेल तर नादच सोडा. ते 2001 चं, एएचसीआय त्यानंतरचं, त्यामुळे त्याचा ड्रायव्हरच त्यात नाही. एके काळी एक्सपी घालतानाच एफ 6 दाबून फ्लॉपीवरून तो द्यावा लागायचा.

मुलाला एवढाच उत्साह असेल तर एक 256 जीबीची साटा एसएसडी आणून द्या. विंडोज नव्यानं घालायच्या आधी त्याला बायोसमध्ये एएचसीआय करू दे, तेव्हा मागचं काही सांभाळायचं नसतं. जुनी डिस्क फोटो-गाण्यांसाठी त्याच डब्यात राहू दे.